ऑफर लेटर शेवटच्या पानापासून वाचा

ऑफर लेटर मेलवर आलं की नजर आधी सीटीसीच्या, म्हणजे कंपनी वर्षभरात तुमच्यावर करणार त्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर जाते. मग घरी फोन होतो. आई तो आकडा बाराने भागते आणि म्हणते, "म्हणजे महिन्याला लाखभर मिळणार की!" बाबा पेढे आणायला निघतात. त्या पीडीएफची उरलेली पानं उघडली जातात ती थेट दोन-तीन वर्षांनी, नोकरी सोडायची वेळ आल्यावर.

मीही तेच केलं होतं. पुण्यात पहिली नोकरी बदलताना नवीन कंपनीने ४५ दिवसांत या म्हणून सांगितलं आणि मी हो म्हणून बसले. जुन्या पत्रात ९० दिवसांची नोटीस होती, म्हणजे राजीनाम्यानंतर तेवढे दिवस काम करायचं होतं. बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर निघणं) द्यायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर होतं, आणि त्याची वसुली बेसिकवर (भत्ते सोडून मूळ पगारावर) नव्हे तर पूर्ण पगारावर होती. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, हातात यायला चार महिने गेले. माझी फसवणूक कोणी केली नव्हती. सगळं पानावर लिहिलेलं होतं, खाली माझी सही होती, फक्त वाचलेलं नव्हतं.

नंतर पंधरा वर्षं नोकऱ्या केल्या. आता सहा वर्षं बारा जणांची छोटी कंपनी चालवते, त्यामुळे हे कागद दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. कोणी ऑफर लेटर दाखवायला आणलं की मी एकच पद्धत सांगते: नोकरी सोडायच्या दिवसापासून सुरुवात करा आणि मागे मागे वाचत या. रुजू होताना सगळे गोड बोलतात. आपलं आणि कंपनीचं नातं खरं कसं आहे, हे निघायच्या कलमांत दिसतं.

पहिली पायरी: सगळे कागद मागून घ्या

ऑफर लेटर बहुतेक वेळा दोन-तीन पानांचं असतं. खरा करार म्हणजे अपॉइंटमेंट लेटर, आणि ते बारा-पंधरा पानांचं असतं. ते रुजू व्हायच्या दिवशी सकाळी समोर येतं. तोवर तुम्ही जुन्या ठिकाणी पेपर टाकलेले, म्हणजे राजीनामा दिलेला असतो, नोटीस संपलेली असते, आणि 'इथे सही करा' म्हटल्यावर दुसरा काही मार्ग उरलेला नसतो. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच अपॉइंटमेंट लेटरचा मसुदा मागा. बऱ्याच कंपन्या देतात, कारण तो सगळ्यांसाठी सारखाच असतो.

सोबत पगाराची फोड असलेला तक्ता हवा. व्हेरिएबल पे (पगाराचा कमीजास्त मिळणारा भाग), जॉइनिंग बोनस आणि नोटीस याबद्दलची कंपनीची पॉलिसीही हवी. ऑफरमध्ये 'कंपनीच्या धोरणानुसार' हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे पेन्सिलने खूण करा. प्रत्येक खुणेमागे एक कागद असतो आणि तो तुम्ही अजून पाहिलेला नसतो.

दुसरी पायरी: निघायच्या दिवसाची कलमं

इथे वेळ द्या. संध्याकाळ गेली तरी चालेल.

नोटीस पिरियड. आपल्या आयटी क्षेत्रात ९० दिवस सर्रास लिहिलेले असतात, पण तेवढ्या आकड्यावर थांबू नका. प्रोबेशनमध्ये (सुरुवातीच्या चाचणीच्या काळात) किती आणि कायम झाल्यावर किती, ते वेगवेगळं पाहा. तुम्ही सोडलं तर किती आणि कंपनीने काढलं तर किती, हे दोन्ही आकडे शेजारी मांडा. तुमच्यासाठी ९० आणि कंपनीसाठी ३० असं पुष्कळदा आढळतं, आणि यावर बोलायला पूर्ण जागा असते. नोटीस काळात रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलले जातात का, हेही बघा.

बायआउट. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर निघता येतं का, आणि ते ठरवणार कोण? 'कंपनीच्या विवेकाधिकारात' असं लिहिलं असेल तर तो तुमचा हक्क नाही, हे धरूनच चाला. दुसरा प्रश्न हिशोब कशावर होणार हा. बेसिक महिना ५०,००० आणि एकूण पगार ८०,००० च्या आसपास असेल, तर ६० दिवसांच्या बायआउटला बेसिकवर १ लाख लागतील आणि एकूण पगारावर १ लाख ६० हजार. एका शब्दामुळे साठ हजार इकडचे तिकडे होतात. काही ठिकाणी या रकमेवर वर जीएसटीही मागितला जायचा. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या परिपत्रकाने नोटीस पेच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही हे स्पष्ट केलं आहे. आजही कोणी मागितला तर तेवढी तारीख सांगा.

नवी कंपनी 'बायआउट आम्ही भरू' म्हणाली तर ते पत्रात लिहून घ्या. ती रक्कम तुमच्या पगारात धरून त्यावर कर कापला जाण्याची शक्यता असते, आणि वर्षाच्या आत सोडलं तर ती परत मागण्याची अटही बहुधा असते.

जॉइनिंग बोनस. हा पैसा वर्षभर उसना दिलेला आहे असं समजा. १ लाख ५० हजार मिळाले, त्यातून कर कापला गेला आणि अकराव्या महिन्यात सोडायची वेळ आली, तर पूर्ण दीड लाख परत मागितले जातात, हातात आले तेवढे नव्हेत. 'जितके महिने राहिलात तितकं माफ' अशी अट मागून पाहा. ही सवलत मला स्वतःला दोनदा मिळाली आहे, दोन्ही वेळा फक्त विचारल्यामुळे.

बाँड. म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची लेखी हमी. फ्रेशर मुलामुलींना सर्वांत जास्त भीती याची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवण्याचा अधिकार कोणत्याही बाँडने कंपनीला मिळत नाही. प्रश्न असतो पैशांचा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळू शकते. पण बाँडला काही अर्थच नसतो, हा हॉस्टेलवरचा सल्लाही चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्या अधिकाऱ्याने २ लाख रुपये भरावेत ही अट वैध ठरवली. म्हणून तीन गोष्टी बघा: रक्कम किती, मुदत किती, आणि त्या बदल्यात कंपनी खरोखर कोणतं प्रशिक्षण देणार आहे. मूळ मार्कशीट जमा करा किंवा कोरा चेक द्या असं कोणी म्हणालं, तर ती नोकरी घेऊ नका. हे मी कितीही अडचणीत असलेल्या मुलाला सांगेन.

नॉन-कम्पीट. 'सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जाणार नाही' हे वाक्य वाचून घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालयं सहसा मानत नाहीत. नोकरीत असताना मात्र ती लागू असते. कंपनीचा कोड, ग्राहकांची यादी, आतली कागदपत्रं सोबत नेणं ही तर वेगळीच बाब आहे, तिथे कायदा कंपनीच्या बाजूने उभा राहतो. शेवटच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह लावायचा मोह टाळा.

फुल अँड फायनल. म्हणजे निघताना कंपनीने चुकता करायचा शेवटचा हिशोब. पूर्वी तो ४५-६० दिवस रेंगाळायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. तुमच्या पत्रात अजून जुनी मुदत छापलेली असेल तर एचआरला त्याबद्दल विचारा.

तिसरी पायरी: बाराने भागण्याआधी

आता आईच्या आकड्याकडे येऊ. समजा सीटीसी १२,००,००० आहे आणि बेसिक निम्मं, म्हणजे ६,००,०००, महिना ५०,०००. (नव्या संहितेत वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे बेसिक वाढवण्याकडे कंपन्यांचा कल आहे.) एक कोरा कागद घ्या आणि वजाबाकी सुरू करा.

कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के: वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटी (सोडताना एकरकमी मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के: २८,८६०. व्हेरिएबल सीटीसीच्या १० टक्के: १,२०,०००. आरोग्य विम्याचा हप्ता, धरा १५,०००. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं, पण दर महिन्याच्या पगारात येत नाही. उरतात ९,६४,१४०, म्हणजे महिना ८०,३४५. त्यातून तुमचा पीएफचा वाटा ६,००० आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) जातो. हातात येतात ७४,१४५.

आयकराचा प्रश्न इथे येत नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ७५,००० च्या प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर पगारावर कर शून्य होतो, आणि या उदाहरणात व्हेरिएबल पूर्ण धरूनही आपण त्या रेषेच्या खाली आहोत. तरीही लाखाचे चौऱ्याहत्तर हजार झाले. फ्लॅटचं भाडं आणि गाडीचा हप्ता ठरवताना हा आकडा धरा.

पीएफ मात्र 'कापला गेला' म्हणून हळहळू नका. काही कंपन्या १५,००० च्या वेतनमर्यादेवर, म्हणजे दोन्हीकडून प्रत्येकी महिना १,८०० एवढाच पीएफ भरण्याचा पर्याय देतात. वरच्या उदाहरणात तो निवडला तर हातात ८२,५४५ येतील. वाढलेले ८,४०० कुठून आले? तुमच्याच पीएफमधून. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज दिलं गेलं. घरच्या जबाबदाऱ्या फार नसतील तर मी पूर्ण पीएफच सुचवते, पण गावाकडे कर्ज फिटायचं असेल तर हातातला रुपया जास्त मोलाचा असतो. हे ज्याने त्याने ठरवावं.

ग्रॅच्युइटीचं गणित: शेवटचं बेसिक, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ५०,००० बेसिकवर पाच वर्षांचे १,४४,२३१ होतात. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्यावरच मिळते. तीन वर्षांत सोडायचा विचार असेल तर सीटीसीतला तो २८,८६० चा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिलेला आहे, तेव्हा तुमची नेमणूक नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते वाचा.

व्हेरिएबलबद्दल दोनच प्रश्न विचारा. मागच्या दोन वर्षांत माझ्या पातळीवरच्या लोकांना सरासरी किती टक्के मिळालं? आणि पैसे वाटपाच्या दिवशी मी नोटीसवर असेन तर मिळणार का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक 'नाही' असतं. मग राजीनाम्याची तारीख त्याप्रमाणे ठरवता येते.

चौथी पायरी: ईसॉपचं कौतुक बेताने

ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क; एका शेअरचा हक्क म्हणजे एक ऑप्शन. स्टार्टअपची ऑफर असेल तर आकडा असा येतो: '१,००० ऑप्शन्स'. कशापैकी १,०००? कंपनीचे सगळे धरून एकूण शेअर किती, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही किंमत नाही. एक कोटीपैकी १,००० म्हणजे ०.०१ टक्का. हे सांगायला संस्थापक कां कूं करत असेल, तर मी त्या ऑप्शन्सची किंमत शून्य धरून फक्त पगारावर निर्णय घेईन.

व्हेस्टिंग, म्हणजे ते ऑप्शन्स खरोखर तुमचे होणं, साधारण चार वर्षांत होतं. आपल्या कंपनी नियमांप्रमाणे ऑप्शन दिल्यापासून पहिल्या व्हेस्टिंगपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, त्यामुळे अकराव्या महिन्यात निघणाऱ्याला काहीच मिळत नाही. नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन्स किती दिवसांत घ्यावे लागतात, हे कलम शोधा. पुष्कळ ठिकाणी ९० दिवस असतात.

खरा चटका बसतो तो कराचा. १,००० ऑप्शन्स, एक्सरसाइज किंमत (शेअर घेताना भरायची) १० रुपये, आणि घ्यायच्या दिवशी शेअरचं मूल्यांकन ५१० रुपये. मधला ५०० चा फरक म्हणजे ५ लाख रुपये त्या वर्षीच्या पगारात धरले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट १,५६,००० कर, शिवाय शेअरचे १०,००० वेगळे. हातात आलेला शेअर नोंदणीकृत बाजारात नाही, विकता येत नाही, आणि कर रोख भरायचा. हा कर पुढे ढकलण्याची सोय कायद्यात आहे, पण ती सरकारच्या आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरतीच. फक्त डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योगविषयक विभागाची) मान्यता पुरत नाही. शिवाय नोकरी सोडली की ती सवलतही संपते. पुन्हा तोच निघायचा दिवस.

पाचवी पायरी: एक मेल, तीन मागण्या

वाचून झालं की खुणा केलेल्या पंधरा गोष्टी असतील. सगळ्या मागू नका. तीन निवडा आणि एकाच मेलमध्ये लिहा. पगार वाढवून मागायचा असेल तर त्याच मेलमध्ये मागा, पुन्हा पुन्हा नको. माझा अनुभव असा की पाच टक्के पगारवाढीपेक्षा नोटीस ९० ची ६० करून घेणं सोपं असतं, आणि पुढच्या नोकरीच्या वेळी त्याचा फायदा जास्त होतो.

फोनवर एचआर म्हणेल, "काळजी करू नका, असं कधी कोणाला लावत नाही आम्ही." तो माणूस खरंही बोलत असेल. पण तुम्ही निघाल तेव्हा तोही दुसऱ्या कंपनीत गेलेला असेल. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेल करा: आपलं असं असं बोलणं झालं, बरोबर ना? 'हो' एवढं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा.

ओपन सोर्सवर (सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर) काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्यानुसार कंपनी असते. तुमचे आधीचे प्रकल्प असतील तर त्यांची यादी करारासोबत जोडून घ्या. बाहेरची कामं करायची असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून सगळीकडेच नजर कडक झाली आहे.

आता पत्र देणाऱ्यांशी थोडं

पाच-दहा माणसांची कंपनी सुरू करणारे मित्र मोठ्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर उचलतात, नाव बदलतात आणि वापरतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. ९० दिवसांची नोटीस तशीच राहिली. मग एकाने राजीनामा दिला आणि तीन महिने मन उडालेला माणूस रोज समोर बसून होता. त्याचेही हाल, आमचेही. आता आम्ही दोन्ही बाजूंनी ३० दिवस ठेवतो, आणि कामाची सूत्रं दुसऱ्याकडे द्यायला तेवढे पुरतात, कारण एका माणसाच्याच डोक्यात राहील असं कोणतंही काम आम्ही ठेवत नाही.

ऑफर देताना हातात येणारा आकडा स्वतःच लिहून द्या. वर केली तशी वजाबाकी एका पानावर मांडली की उमेदवार मोठ्या कंपनीच्या फुगलेल्या सीटीसीशी खरी तुलना करू शकतो, आणि छोट्या कंपनीला त्यात फायदाच होतो.

संख्येवर लक्ष ठेवा. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. वीस झाली की पीएफ. प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी तर त्याच्या कितीतरी आधी लागते. दहावा माणूस घेण्याच्या महिन्यात सीएकडे एकदा जाऊन या.

९० दिवसांच्या नोटीसवर असलेल्या उमेदवाराला ऑफर दिलीत तर त्या तीन महिन्यांत त्याला आणखी दोन ऑफर येणार, हे धरून चाला. त्याला दोष देऊ नका. आठवड्यातून एक फोन, टीमसोबत एखादं जेवण, पहिल्या महिन्यात काय करायचं याची कल्पना, एवढं केलं तर बहुतेक जण शब्द पाळतात.

सहीपासून रुजू होईपर्यंत

सही केलेली दोन्ही बाजूंची प्रत हातात आल्याशिवाय पेपर टाकू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आधी पूर्ण करून घेता आलं तर फारच चांगलं. रेझ्युमेवरच्या तारखा यूएएनच्या (तुमच्या कायम पीएफ क्रमांकाच्या) पासबुकशी स्वतःच ताडून पाहा. दोन महिन्यांचा खंड असेल तर तो खंड म्हणूनच दाखवा, लपवलेला खंड पडताळणीत पहिल्या झटक्यात दिसतो.

पे स्लिप, फॉर्म १६, वाढीची पत्रं स्वतःच्या मेलवर आधीच घेऊन ठेवा. कंपनीचा लॅपटॉप परत गेला की ती दारं बंद होतात. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक शेवटच्या दिवशीच संपतो. दोन नोकऱ्यांत पंधरा दिवसांचं अंतर असेल आणि घरात वयस्कर आईवडील असतील, तर त्या पंधरा दिवसांचा विचार आधी करा.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीत तर आधीचा पगार नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या हिशोबात प्रमाणित वजावट आणि करातली सवलत धरतात, टीडीएस जवळजवळ कापला जात नाही, आणि जुलैत विवरणपत्र भरताना मोठी रक्कम समोर उभी राहते.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि रक्कम वळवली तर आधीची सेवा त्या पाच वर्षांत धरली जाते. जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर तुमची सोडल्याची तारीख भरली का ते बघा. नसेल भरली, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर लॉगिन करून टाकू शकता.